बिअरचं पाणी : जड-हलक्याच्या पलीकडचा हिशेब

माझा भाचा लंडनला असतो आणि घरी बिअर बनवतो. तिकडे स्वतःच्या पिण्यापुरती घरी बनवायला मुभा आहे. १९६३ पर्यंत त्याला परवाना लागायचा, तोही मग काढून टाकला. विकायची मात्र नाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरात बिअर बनवणं गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कुणी माळ्यावरचं मोठं पातेलं खाली काढू नये. पाण्याचं शास्त्र समजून घ्यायला मात्र परवाना लागत नाही.

तर भाच्याचा फोन आला. "मामा, काळी बिअर झकास जमते. फिकी करायला गेलो की तुरट होते. कच्चं केळं चावल्यासारखी. माल्ट बदललं, हॉप्स बदलले, यीस्ट बदललं. आता सगळे म्हणतात पाणी बदल. तुम्ही जन्मभर पाणी तपासलंत. बिअरला चांगलं पाणी कुठलं?"

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो. रस, मळी, साखर आणि बॉयलरचं पाणी, यातच नोकरी गेली. बिअरचा मला षौक नाही. पण काळी जमते आणि फिकी बिघडते, एवढं ऐकल्यावर दुखणं कुठं आहे ते फोनवरच कळलं. त्याचा प्रश्न मात्र चुकीचा होता. चांगलं पाणी, वाईट पाणी असं बिअरमध्ये नसतं. हे पाणी कुठल्या माल्टला मानवेल, एवढंच विचारायचं असतं.

आधी बिअरमध्ये पाणी काय करतं ते बघू. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, तसाच प्रकार. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. हे माल्ट भरडून ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवलं, की ते एन्झाइम दाण्यातल्या पिठाची साखर करतात. मग तो गोड रस गाळायचा, हॉप्सची कडू फुलं घालून उकळायचा, गार करायचा आणि यीस्ट सोडायचं. तयार बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. पण पाण्याचं खरं काम त्या पहिल्या तासात होतं, माल्ट मुरताना.

त्या तासाला मिश्रणाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त), ५.२ ते ५.६ च्या दरम्यान असावा लागतो. एन्झाइम तिथं नीट काम करतात. पीएच त्याच्या वर गेला की साखर कमी उतरते, रस गढूळ राहतो आणि टरफलातली तुरट द्रव्यं सुटून बिअरमध्ये येतात. भाच्याचं कच्चं केळं ते हेच.

हा आकडा ऐकून मला गंमत वाटली. उसाच्या ताज्या रसाचा पीएचही साधारण ५.२ ते ५.५ असतो. आम्ही कारखान्यात चुन्याची निवळी घालून तो ७ च्या आसपास न्यायचो, कारण आंबट रसात साखर फुटते. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीत चुना टाकतो तो त्याच हिशेबानं, फक्त तो मीटर न बघता रसाच्या रंगावर आणि मळीवर ओळखतो. म्हणजे ज्या जागेवरून रस हलवण्यासाठी आम्ही पगार घेतला, नेमक्या त्याच जागेवर बिअरवाल्याला तो धरून ठेवायचा असतो. आणि पीएच ही मोजपट्टीच मुळी बिअरवाल्यांच्या घरची आहे. सोरेनसेन यांनी ती १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. मी ती रोज वापरली, पण तिचं माहेर बिअरच्या कारखान्यातलं आहे हे बरंच उशिरा कळलं.

आता पाण्याकडे. पाणी जड की हलकं, एवढंच आपण बोलतो. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन आणि सुफेन म्हणायचे, म्हणजे साबणाला फेस येतो की नाही ते. पण 'जड' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडल्यात, आणि त्या वेगळ्या काढल्या नाहीत तर बिअरचं पाणी कधीच समजत नाही.

एक म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. हा खरा कठीणपणा. दुसरी म्हणजे बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारून टाकायची पाण्याची ताकद. आम्ही लॅबमध्ये तिला अल्कलिनिटी म्हणायचो. बोअरच्या पाण्यात बहुतेक वेळा दोन्ही जोडीनं येतात, म्हणून आपल्याला ती एकच वाटतात.

ती वेगळी आहेत हे तुमच्या स्वयंपाकघरात रोज दिसतं. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, दाणा टणक राहतो. हे कॅल्शियमचं काम. डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन ते घट्ट करतं. मग घरातली बाई काय करते? चिमूटभर खायचा सोडा टाकते आणि डाळ शिजते. खायचा सोडा म्हणजे काय? सोडियम बायकार्बोनेट. म्हणजे डाळीच्या पातेल्यात कॅल्शियम वैरी आणि बायकार्बोनेट मित्र.

बिअरच्या पातेल्यात हे बरोबर उलटं होतं. माल्टमध्ये फॉस्फेटं असतात. कॅल्शियम त्यांना पकडून खाली बसतं, आणि त्या झटापटीत आम्ल सुटतं. पीएच उतरतो, हवा तिथं येतो. शिवाय कॅल्शियम एन्झाइमला उष्णतेत टिकायला मदत करतं आणि शेवटी यीस्ट खाली बसवून बिअर नितळ करतं. बायकार्बोनेट मात्र सुटलेलं आम्ल जागच्या जागी मारतं आणि पीएच वरच ठेवतं. आमटीच्या पाण्यात कुणी सोडा मिसळून ठेवला असेल, तर कितीही चिंच घाला, आंबटपणा येत नाही. तसंच ते.

भाच्याला एवढं सांगितल्यावर त्यानं विचारलं, "मग काळी कशी जमते?" कारण काळ्या बिअरसाठी माल्ट भाजलेलं असतं, आणि भाजलेलं माल्ट स्वतःच आंबट असतं. त्या आमटीत चिंच मुळातच जास्त पडते. म्हणून बायकार्बोनेटचं पाणी तिला चालतं, उलट लागतंच. भाजका माल्ट घालून वर पाणीही अगदी मऊ घेतलं, तर पीएच फार खाली जातो आणि बिअर कडवट-आंबट, बोचरी होते.

जगातल्या नामांकित बिअर बघितल्या तर त्या त्या गावच्या पाण्यानंच घडवल्यात असं दिसतं. लंडनच्या विहिरी खडूच्या खडकात. पाणी बायकार्बोनेटनं भरलेलं, म्हणून तिथं पोर्टर ही काळी बिअर वाढली. म्युनिकचंही पाणी त्याच जातीचं, तिथं तपकिरी डुंकेल. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, पिल्सेनचं पाणी इतकं मऊ, की कॅल्शियम लिटरला जेमतेम १० मिलिग्रॅम आणि बायकार्बोनेटही नावालाच. तिथं १८४२ साली योसेफ ग्रोल या बव्हेरियातून आलेल्या माणसानं फिकट सोनेरी बिअर केली आणि पुढं जगभर तिचीच नक्कल झाली. आज आपल्याकडे दुकानात मिळणारी बहुतेक पिवळी बिअर तिच्याच गोतावळ्यातली. त्या काळच्या लोकांना पीएच माहीत नव्हता. जी चांगली लागली ती टिकली, बाकीच्या गेल्या.

पण या सगळ्यांत माझं लाडकं गाव इंग्लंडमधलं बर्टन-अपॉन-ट्रेंट. तिथल्या जमिनीत जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे थर आहेत. विहिरीचं पाणी जडात जड. सल्फेट लिटरला ६०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वरच. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, सल्फेटची इष्ट मर्यादा २०० आणि दुसरं पाणीच नसेल तर फार तर ४०० आहे. म्हणजे बर्टनचं पाणी आपल्याकडे पिण्याच्या परीक्षेत सरळ नापास. आणि याच पाण्यात फिकी, कडक, हॉप्सनं भरलेली पेल एल झाली. १८२० च्या दशकात बर्टनवाल्यांनी ती जहाजांवरून मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांना पाठवायला सुरुवात केली. तीच इंडिया पेल एल.

इतक्या जड पाण्यात फिकी बिअर कशी होते? कारण जडपणा हा गुन्हेगारच नाही. बर्टनच्या पाण्यात बायकार्बोनेट आहे, पण कॅल्शियम इतकं आहे की ते त्याला पुरून उरतं.

या कुस्तीचा निकाल मोजायची रीत पॉल कोलबाख या जर्मन शास्त्रज्ञानं १९५३ साली दिली. उरलेली अल्कलिनिटी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमनं आपल्या वाट्याचं आम्ल सोडल्यावर जी शिल्लक राहते ती. रीत अशी : पाण्याच्या रिपोर्टमधली अल्कलिनिटी घ्या, त्यातून कॅल्शियम भागिले १.४ वजा करा, मग मॅग्नेशियम भागिले १.७ वजा करा. आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये. अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात असते, आपल्याकडच्या लॅबचे रिपोर्टही तशीच देतात.

भाच्यानं त्याच्या पाणी कंपनीचा रिपोर्ट पाठवला. तिकडे तो भागाप्रमाणे मोफत बघता येतो, ही सोय मला फार आवडली. आकडे सोपे करून सांगतो. अल्कलिनिटी २२०, कॅल्शियम १०५, मॅग्नेशियम ५. आता १०५ भागिले १.४ म्हणजे ७५. ५ भागिले १.७ म्हणजे ३. २२० मधून ७८ गेले, उरले १४२. फिक्या बिअरला ही शिल्लक शून्याच्या आसपास हवी, थोडी उणेही चालेल. काळ्या स्टाउटला १५० सुद्धा चालते. आयएस १०५०० प्रमाणे अल्कलिनिटी २०० पर्यंत इष्ट आहे आणि नाइलाज असेल तर ६०० पर्यंत चालते. तेव्हा पिण्याला पास झालेलं पाणी फिक्या बिअरला नापास होऊ शकतं, यात काही नवल नाही.

इथं भाच्यानं कबूल केलं की त्यानं महिन्यापूर्वी घराला वॉटर सॉफ्टनर बसवून घेतलाय. गीझरमध्ये खडे साचतात म्हणून. त्याला वाटलं होतं, पाणी मऊ झालं म्हणजे बिअरही सुधारेल. ती आणखीच बिघडली.

सॉफ्टनर हा माझा विषय. कारखान्यात तो मी वर्षानुवर्षं चालवलाय. त्यातल्या रेझिनवर सोडियम बसवलेलं असतं. पाणी आलं की रेझिन कॅल्शियम पकडतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. रेझिन भरलं की मिठाचं पाणी सोडून परत ताजं करायचं. बॉयलरच्या नळ्यांवर थर बसत नाही, कारण कॅल्शियम गेलं. पण बायकार्बोनेट? ते जिथल्या तिथं. आता कोलबाखचा हिशेब परत मांडा. वजा करायला कॅल्शियमच उरलं नाही. शिल्लक १४२ वरून थेट २२०, आणि वर लिटरला सव्वाशेच्या आसपास मिलिग्रॅम सोडियमचा आहेर. जो एक दोस्त होता तो हाकलला आणि वैऱ्याला घरात ठेवलं. मी त्याला सांगितलं, अंघोळीला सॉफ्टनर ठेव, बिअरचं पाणी त्याच्या अलीकडच्या नळातून घे.

शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. पाण्याच्या मारानं जमिनी क्षारपड झाल्या, मातीत सोडियम चिकटून बसलं, की तिथं जिप्सम टाकतात. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावून स्वतः बसतं आणि सोडियम निचऱ्यानं वाहून जातं. सॉफ्टनरच्या बरोबर उलटी गाडी.

टीडीएस मीटरबद्दलही थोडं. दारावर आरओ विकायला येणारा माणूस पाण्यात पेन बुडवतो, ४०० दाखवतो आणि घरातल्यांना घाबरवतो. तो पेन फक्त विरघळलेलं एकूण किती ते अंदाजानं सांगतो, काय ते सांगत नाही. पोत्यात ४० किलो माल आहे हे कळलं, पण आत साखर आहे की सिमेंट, ते उघडल्याशिवाय कसं कळणार? बिअरसाठी हा आकडा जवळजवळ निरुपयोगी. आरओचं पाणी मात्र उपयोगी, कारण ती कोरी पाटी. पण नुसत्या आरओच्या पाण्यावर बिअर करू नये. कॅल्शियमच नसेल तर एन्झाइम आणि यीस्ट दोघंही रुसतात. नळाचं अर्धं, आरओचं अर्धं मिसळलं की सगळे आकडे निम्मे होतात. भाच्याची शिल्लक १४२ वरून ७१ वर येते. तेवढ्यावर तांबूस बिअर जमून जाईल.

फिकीसाठी मी त्याला फुकटचा उपाय सांगितला. पाणी पंधरा-वीस मिनिटं खळाखळा उकळ, रात्रभर झाकून ठेव, सकाळी वरचं निवळ पाणी हळूच काढून घे, तळाची पांढरी पूड तिथंच राहू दे. उकळताना कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जोडीनं चुनखडी होऊन खाली बसतात. गीझरच्या कॉइलवर जो दगड चढतो तोच. बायकार्बोनेट उतरतं, पण सोबत थोडं कॅल्शियमही जातं. समजा अल्कलिनिटी २२० वरून ७० वर आली, तर कॅल्शियम १०५ वरून ४५ होतं. शिल्लक : ७० उणे ३२ उणे ३, म्हणजे ३५. बरंच काम झालं. मग २० लिटरला ५ ग्रॅम जिप्सम घातलं, की कॅल्शियम ५८ नं वाढून १०३ होतं आणि सल्फेट १४० नं वाढतं. आता शिल्लक ७० उणे ७४ उणे ३, म्हणजे उणे ७. बर्टनच्या धर्तीचं पाणी लंडनच्या स्वयंपाकघरात तयार. जिप्सम खाण्याच्या प्रतीचंच घ्यायचं. शेतीचं नको, आणि पीओपीचं तर मुळीच नको.

उकळायचा कंटाळा असेल तर लॅक्टिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचे थेंब मोजून घालतात. जर्मनांची त्यात वेगळी पंचाईत. बव्हेरियात १५१६ साली बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी याशिवाय काही चालणार नाही असा कायदा झाला, आणि ती परंपरा तिकडे अजून मानतात. मग बाटलीतलं आम्ल कसं घालणार? त्यांनी माल्टच आंबवलं. माल्टवर मुळातच असणारे लॅक्टिक जंतू वाढवून आंबट माल्ट केलं आणि तेच थोडं मिसळलं. कायदा राहिला आणि पीएचही आला. दह्यासाठी विरजण ठेवणाऱ्या माणसाला ही युक्ती आपली वाटेल.

चवीचं थोडक्यात. सल्फेट जास्त असलं की हॉप्सचा कडूपणा कोरडा, टोकदार लागतो. क्लोराइड जास्त असलं की बिअर भरीव, गोलसर लागते आणि माल्टचा गोडवा पुढं येतो. क्लोराइड वाढवायला जिप्समऐवजी कॅल्शियम क्लोराइड. दोन्ही भरमसाट घातलं की क्षाराचं पाणी पितोय असं वाटतं. मिठासारखंच, कमी पडलं तर वर घालता येतं.

क्लोरीनचं मात्र थोडक्यात आटपून चालणार नाही. गावच्या विहिरीत ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल पावडर टाकतो, त्या दिवशीच्या पाण्याचा वास आठवा. शहराच्या नळालाही शेवटच्या घरापर्यंत थोडं क्लोरीन उरावंच लागतं, मानकात किमान ०.२ मिलिग्रॅम. पिण्याला ते हवंच, त्यात कुचराई नको. पण माल्टमधल्या फिनॉलशी त्याची गाठ पडली की क्लोरोफिनॉल तयार होतं. मग बिअरला दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास येतो, आणि तो इतक्या कमी प्रमाणात नाकाला कळतो की पुढं काहीही केलं तरी जात नाही. साधं क्लोरीन उकळून किंवा रात्रभर उघडं ठेवून उडतं. काही शहरांत क्लोरामाइन घालतात, ते असं उडत नाही. त्याला मेटाबायसल्फाइटची गोळी लागते, ७५ लिटरला एक. भाचा २० लिटर करतो, त्याला साधारण पाव गोळी. दोन-चार मिनिटांत काम होतं.

गेल्या दिवाळीत तो कोल्हापूरला आला तेव्हा मी कपाटातलं जुनं ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची काचेची नळी, काढलं. "मामा, आपल्या पाण्यात कसली बिअर होईल?" बिअर करायची नाही, पण पाणी तपासायला कोण अडवतंय? ओट्यावर तीन पेले मांडले : नळाचं, अपार्टमेंटच्या बोअरचं आणि आरओ फिल्टरचं. प्रत्येकात मिथिल ऑरेंजचे दोन थेंब, पिवळा रंग; पाण्याची आम्ल मारायची ताकद संपली की तो नारिंगी होतो. मग वरून थेंब-थेंब आम्ल सोडत बसलो. फिल्टरच्या पेल्याचा रंग लगेच नारिंगी झाला. नळाच्या पाण्याला थोडा वेळ लागला. ते पाणी मुळात सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं, धरणात साठलेलं. खडकाशी त्याचा सहवास तेवढा नाही. बोअरचा पेला मात्र पिवळाच. मी सोडतोय, सोडतोय, तो पिवळाच. ते पाणी काळ्या पाषाणाच्या फटींत वर्षानुवर्षं मुरलेलं, बरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट बांधून आणतं. भाचा म्हणाला, "हे म्हणजे पोर्टरचं पाणी." त्याचं बरोबर होतं.

मग त्याची मामी म्हणाली, एवढं तपासताय तर चहा टाकते. तिन्ही पाण्यांचा कोरा चहा केला. बोअरचा काळपट, मंद, वर तेलासारखा पातळ पापुद्रा. नळाचा तांबूस, चकचकीत. फिल्टरचा फिका आणि जरा तुरट. बोअरच्या कपात लिंबाचे चार थेंब पिळले तसा रंग एकदम उजळला. मुरणाऱ्या माल्टमध्ये आम्ल घातल्यावर काय होतं, ते ओट्यावर दिसलं. हा प्रयोग कुणीही घरी करावा.

परत गेल्यावर त्यानं दोन पातेली लावली. एक उकळून, निवळून, जिप्सम घातलेल्या पाण्यात, फिकी. दुसरं सॉफ्टनरच्या अलीकडचं नळाचं पाणी, फक्त क्लोरीन काढलेलं, भाजक्या माल्टची काळी. सहा आठवड्यांनी घरच्या ग्रुपवर दोन पेल्यांचा फोटो आला. फिकी नितळ, मागची खिडकी दिसेल इतकी. खाली त्यानं लिहिलं होतं, तुरटपणा गेला. माझी बहीण, त्याची आई, तिला यातलं अजून काही सांगितलेलं नाही. तिनं काळ्या पेल्याखाली विचारलं, "काकवी कुठं मिळाली रं तिथं?"